वाचक विचारतात : अवकाशावरचा खर्च आपल्याला परवडतो का?

मागच्या अंकात ‘निसार’ उपग्रहावर टिपण छापले होते. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेलेला हा उपग्रह भारत आणि अमेरिकेने मिळून बनवला आहे. टिपणात भारताच्या वाट्याचा खर्च ७८८ कोटी असा आकडा होता आणि नाशिक जिल्ह्यातून आलेली बहुतेक पत्रे त्या आकड्यावरच अडली आहेत. निवडक प्रश्नांची उत्तरे पुढे देत आहोत. पत्रे थोडी कापली आहेत, पण त्यांतला राग कापलेला नाही.

पंचवटीहून एक वाचक : आमच्याकडे दर पावसाळ्यात रस्त्यातले खड्डे नव्याने मोजावे लागतात. तिकडे चांद्रयानावर सहाशे कोटी! आधी पोटोबा मग विठोबा, हे सरकारला कुणी सांगायचे?

आधी आकडे पाहू, वाद नंतर घालू. चांद्रयान-३ ला सुमारे ६१५ कोटी रुपये लागले. लँडर, रोव्हर आणि त्यांना चंद्राजवळ नेणारा भाग यांचे अंदाजे २५० कोटी, बाकीचे ३६५ कोटी रॉकेटचे. आपल्या इगतपुरी-सिन्नरवरून जाणारा समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, खर्च सुमारे ५५ हजार कोटी. भागाकार करून बघा, चांद्रयान-३ च्या पैशांत समृद्धीचे आठ किलोमीटरही पुरे होत नाहीत.

अवकाश विभागाची २०२५-२६ ची सगळी तरतूद १३,४१६ कोटींची होती. केंद्राच्या अर्थसंकल्पात ती शंभर रुपयांमागे २६-२७ पैसे भरली. माणशी वर्षाला नव्वद-पंच्याण्णव रुपये, म्हणजे नाशकातली एक मिसळ. खतांवरचे अनुदान त्याच वर्षी सुमारे १ लाख ६८ हजार कोटी होते, बारापटीहून जास्त.

अवकाशाची बाजू घेणारे सहसा इथेच थांबतात. ते बरोबर नाही. मोठ्या खर्चाशेजारी ठेवला की कोणताही खर्च लहान दिसतो, त्याने तो योग्य ठरत नाही. हेच १३,४१६ कोटी ‘पीएम-किसान’च्या साधारण ९.७ कोटी शेतकऱ्यांत वाटले तर प्रत्येकाला वर्षाला १,३८० रुपये जादा मिळतील. सहा हजारांवर १,३८० म्हणजे अगदीच चिल्लर नव्हे. तेव्हा ‘एवढ्याशा पैशाने काय होते’ हे उत्तर आम्ही देणार नाही.

खड्ड्यांचे मात्र वेगळे आहे. तो पैसा महापालिकेचा आणि खड्डा बहुतेक वेळा पाण्यामुळे पडतो. रस्त्याला उतार नसतो, कडेचे गटार तुंबलेले असते, डांबराखाली पाणी मुरते आणि वरून बस जाते. इस्रो उद्या बंद केली तरी ते गटार तुंबलेलेच राहील.

आमचे म्हणणे एवढेच की ‘अवकाश’ या एका शब्दाखाली तीन वेगळी खाती आहेत आणि ती वेगळी तपासायला हवीत. पहिले रोजच्या कामाच्या उपग्रहांचे : हवामान, दूरसंवेदन, दळणवळण, दिशादर्शन. दुसरे विज्ञानाचे : चंद्र, मंगळ, सूर्य. तिसरे माणूस वर पाठवण्याचे. एकाच्या पुण्याईवर दुसऱ्याचे बिल पास करून घ्यायचे, ही सवय सरकारी भाषणांना फार आहे. वादळाच्या इशाऱ्याने लोक वाचले म्हणून चंद्रावर जायला हवे, असे काही सिद्ध होत नाही.

निफाडचे द्राक्षबागायतदार : एवढे उपग्रह डोक्यावर असताना गारपीट आली की आम्हाला आधी का कळत नाही? मग ते कुणासाठी फिरतात?

उपग्रहाच्या चित्रातला एक ठिपका जमिनीवर केवढी जागा व्यापतो ते पाहिले की उत्तर मिळते. इन्सॅट-३डीआर आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये गेलेला इन्सॅट-३डीएस हे आपले हवामानाचे उपग्रह ३६ हजार किलोमीटरवरून बघतात. रात्री-दिवसा ढग दाखवणारे त्यांचे अवरक्त चित्र ४ किलोमीटरच्या ठिपक्यांचे असते. चार गुणिले चार, म्हणजे सोळा चौरस किलोमीटर, चार हजार एकरांच्या जवळपास. निफाड तालुक्यातल्या कित्येक गावांचे सबंध शिवार त्या एका ठिपक्यात मावेल. गारांचा पट्टा अनेकदा किलोमीटर-दीड किलोमीटर रुंदीचा. बांधाच्या अलीकडची बाग झोडपली जाते आणि पलीकडची कोरडी राहते, ती यामुळेच.

दुसरी अडचण वेळेची. उपग्रहाला ढगाचा फक्त माथा दिसतो आणि माथा किती थंड झाला यावरून ढग किती उंच गेला ते कळते. ढगाच्या पोटात पाणी आहे की गारा, हे जमिनीवरचे डॉप्लर रडार सांगते. गारांचा ढग तासा-दीड तासात तयार होऊन मोकळा होतो. त्यामुळे दोन-तीन दिवस आधी ‘उत्तर महाराष्ट्रात गारपिटीची शक्यता’ एवढे सांगता येते (त्या अंदाजाच्या गणितात उपग्रहांची निरीक्षणे मोठ्या प्रमाणात जातात), पण गट नंबर सांगता येत नाही. त्यासाठी रडारांचे दाट जाळे लागते. आमच्या मते नाशिकच्या बागायतदाराने उपग्रहावर रागावण्यापेक्षा रडारची मागणी लावून धरावी.

चक्रीवादळाच्या बाबतीत मात्र चित्र उलटे होते. वादळ शेकडो किलोमीटरचे आणि दिवसचे दिवस समुद्रावरून सरकणारे, चार किलोमीटरचा ठिपका तिथे पुरून उरतो. ओडिशात २९ ऑक्टोबर १९९९ च्या महावादळात सुमारे दहा हजार माणसे गेली. २०१३ च्या फायलिनमध्ये हा आकडा पन्नासच्या आत राहिला. २०१९ च्या फनीच्या आधी बारा लाखांच्या आसपास लोक हलवले गेले. पण हे सगळे श्रेय उपग्रहाला देऊ नका. १९९९ मध्येही इन्सॅट वर होताच. तेव्हा नव्हते ते निवारे, रस्ते, गावोगावी इशारा पोहोचवणारी माणसे आणि ‘उठा, निघा’ म्हणणारे प्रशासन.

जाता जाता : विजांचा इशारा देणारे ‘दामिनी’ अ‍ॅप उपग्रहावर चालत नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने जमिनीवर बसवलेल्या संवेदकांचे ते जाळे आहे. आणि हवामान आधारित फळपीक विम्याचा ट्रिगर (भरपाई लागू होण्याची अट) तुमच्या महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदींवर ठरतो. गारपिटीचा वेगळा हप्ता भरलेला असेल तर नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत द्यायची. ही मुदत हुकली की पुढचे सगळे अवघड होऊन बसते.

दिंडोरीहून : मोबाइलवर ‘उपग्रहातून शेत पाहा’ अशा जाहिराती येतात, एकरी पैसे मागतात. खरेच काही दिसते का?

दिसते, आणि बरेचसे फुकट दिसते. फक्त काय दिसते आणि काय नाही, हे आधी समजून घ्या.

या सेवांपैकी बऱ्याच सेवा युरोपच्या सेंटिनेल-२ या उपग्रहांची चित्रे वापरतात. त्यांचा ठिपका दहा मीटर बाय दहा मीटर, म्हणजे १०० चौरस मीटर. आपला गुंठा १०१ चौरस मीटरचा. योगायोगच म्हणायचा, पण एक ठिपका म्हणजे जवळजवळ एक गुंठा आणि एका एकरात चाळीस ठिपके. आपल्या रिसोर्ससॅटच्या लिस-३ कॅमेऱ्याचा ठिपका २३.५ मीटरचा, साडेपाच गुंठ्यांचा. अ‍ॅविफ्सचा ५६ मीटरचा, तो पाऊण एकराच्या पुढे जातो. लिस-४ चा ५.८ मीटरचा, एका गुंठ्यात तसे तीन बसतात, पण तो त्याच जागेवर लवकर परत येत नाही. बारीक दिसणे आणि वारंवार दिसणे, ही दोन्ही सुखे एका उपग्रहात क्वचितच मिळतात.

स्वतः पाहायचे तर ‘कोपर्निकस ब्राउझर’ हे युरोपचे संकेतस्थळ उघडा. शेतापर्यंत नकाशा मोठा करा, ‘सेंटिनेल-२ एल-टू-ए’ निवडा (वातावरणाचा परिणाम काढून टाकलेले चित्र ते हेच) आणि ढगांची मर्यादा वीस टक्क्यांवर ठेवा. मग एनडीव्हीआय (पिकाच्या हिरवेपणाचा आकडा) हा थर लावा. जोमदार पान लाल प्रकाश शोषते आणि जवळचा अवरक्त प्रकाश परत फेकते. या दोहोंची वजाबाकी भागिले बेरीज, एवढेच ते गणित. उघड्या मातीला ०.१ ते ०.२ येते, दाट पिकाला ०.७ ते ०.८. शेताची हद्द आखताना बांधापासून एक ठिपका आत राहा, नाहीतर शेजाऱ्याचा ऊस तुमच्या खात्यात जमा होतो.

द्राक्षात फसगत कुठे होते? दोन ओळींत नऊ-दहा फूट अंतर असते. दहा मीटरच्या ठिपक्यात तीन ओळी येतात आणि मधली मातीही. गोडी छाटणीनंतर काडी उघडी पडलेली असते. अशा वेळी आकडा वर चढला तर वेल फुटला म्हणून आनंद मानू नका, ओळीतले तण वाढले असण्याचीच शक्यता जास्त. प्लास्टिक आच्छादन टाकलेल्या बागेचे आकडे तर धरूच नका. डावणी हा बुरशीचा रोग तुम्हाला आधी दिसतो, उपग्रहाला पाने गळायला लागल्यावर. ‘रोग येण्याआधी कळवतो’ असे कुणी म्हटले तर तो हे कशावरून सांगतो ते विचारा. बहुधा ते उपग्रहावरून नसून तापमान आणि आर्द्रतेच्या गणितावरून असते. ते गणित उपयोगाचेही असते, फक्त त्यासाठी उपग्रहाचे पैसे देऊ नयेत.

उपयोग होतो तो असा. एकाच तारखेच्या चित्रावर विसंबू नका, लागोपाठ तीन चित्रे घ्या. प्लॉटचा एकच कोपरा तिन्हींत फिका दिसत असेल तर तिथे जा आणि ठिबकच्या लॅटरलची टोके उघडून बघा. क्षार किंवा शेवाळाने ड्रिपर चोंदल्याचे असे सापडते. तसे नसेल तर खालचा मुरूम वर आला आहे का, हे पाहायला एक खड्डा घ्या.

जून ते सप्टेंबर यातले काहीच नीट चालत नाही, कारण ढग. सेंटिनेल-२ दर पाच दिवसांनी येतो, पण पावसाळ्यात महिनाभर एकही स्वच्छ चित्र मिळत नाही असे होते. म्हणून रडारचे उपग्रह लागतात. आपला ईओएस-०४ त्यातला, निसारही त्यातलाच. निसारची बारा मीटर व्यासाची जाळीदार छत्री दोन प्रकारच्या लहरी वापरते आणि दर बारा दिवसांनी तीच जागा पुन्हा बघते. रडारला रंग कळत नाही. मातीतला ओलावा, पिकाची उंची आणि ठेवण, साचलेले पाणी एवढे कळते.

सेंटिनेलचा खर्च युरोपातला करदाता भरतो आणि चित्र दिंडोरीत फुकट उघडते, हे लक्षात असू द्या. भारतानेही २०२३ च्या अवकाश धोरणात पाच मीटर आणि त्याहून जाडसर चित्रे खुली ठेवायचे ठरवले आणि हैदराबादच्या राष्ट्रीय दूरसंवेदन केंद्राच्या ‘भूनिधि’ संकेतस्थळावर ती मिळतात. पण तालुका कृषी कार्यालयात ती उघडून शेतकऱ्याला अर्थ सांगणारा माणूस कुठे आहे? वर शेकडो कोटी आणि खाली एक पगार नाही. अवकाशावरच्या खर्चाबद्दल आमची सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे.

लासलगावहून : उपग्रहाने कांद्याचे क्षेत्र मोजायचे आणि भरपूर दिसला की भाव पाडायचे, कमी दिसला की निर्यात बंद. आमच्याच पैशांनी आमच्यावर पाळत?

राग समजतो. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क, डिसेंबरात थेट बंदी, मे २०२४ मध्ये अटींसह सुटका, आणि उरलेले शुल्क १ एप्रिल २०२५ ला गेले. हे निर्णय उपग्रहाने घेतलेले नाहीत. पण कांद्याचे क्षेत्र उपग्रहाने मोजायचे प्रयत्न झाले आहेत, हे खरे आहे. फळे-भाज्यांचे क्षेत्र उपग्रहाने मोजण्यासाठी २०१४ साली सुरू झालेल्या ‘चमन’ या सरकारी प्रकल्पात कांदा होता.

कांदा मोजायला अवघड पीक आहे. प्लॉट लहान. लाल, रांगडा आणि उन्हाळ यांच्या लागवडी एकमेकींत शिरलेल्या, त्यामुळे एकाच तारखेला एका शेतात रोप, दुसऱ्यात पात आणि तिसऱ्यात काढणी. पात विरळ, मधून माती दिसते, आणि कोवळ्या गव्हाशी गोंधळ होतो. त्यावर उपाय म्हणजे हंगामभराची चित्रे रचून प्रत्येक ठिपका कधी हिरवा झाला आणि कधी सुकला याचा आलेख काढायचा, आणि शे-दोनशे शेतांवर प्रत्यक्ष जाऊन पडताळा घ्यायचा. पडताळ्यात कंजुषी केली की नकाशा रंगीत दिसतो आणि आकडा चुकतो. चाळीत किती कांदा आहे आणि किती सडला, हे तर कोणताच उपग्रह सांगत नाही.

मोजणी बंद केल्याने धोरण सुधारणार नाही. अंदाज जितका ढिसाळ, तितका घाबरून घेतलेला निर्णय जास्त. मागणी करायची तर ही करा की सरकारला जो अंदाज मिळतो तो त्याच दिवशी बाजार समितीच्या फळ्यावरही लागावा.

सिन्नरच्या शिक्षिका : टेफ्लॉन, वेल्क्रो या अवकाश संशोधनाच्या देणग्या, असे विज्ञानदिनाच्या भाषणात सांगू ना?

नको. टेफ्लॉन १९३८ चे, वेल्क्रोची कल्पना १९४१ ची. अमेरिकेची नासा जन्मली १९५८ मध्ये. सांगायचेच तर मोबाइलच्या कॅमेऱ्यातली चिप सांगा. तिचे मूळ तंत्र १९९० च्या दशकात नासाच्या जेट प्रॉपल्शन प्रयोगशाळेत विकसित झाले.

पण जोड-उत्पादनांवर विज्ञान मोहिमांचे समर्थन करणेच लंगडे आहे. चांगला कॅमेरा हवा असेल तर थेट कॅमेऱ्यावर संशोधन करावे, ते स्वस्त पडेल. मुलांना खरे ते सांगा. चांद्रयान-१ (२००८, सुमारे ३८६ कोटी) वरच्या अमेरिकी उपकरणाने चंद्राच्या मातीत पाण्याच्या खुणा पक्क्या केल्या. चांद्रयान-३ ने दक्षिण ध्रुवाकडच्या मातीत गंधक असल्याचे तिथेच जाऊन तपासले. तिथल्या जमिनीत तापमापी खुपसली तेव्हा वर ५० अंशांच्या पुढे आणि जेमतेम आठ सेंटिमीटर खाली उणे दहाच्या आसपास तापमान निघाले. वीतभरसुद्धा खोल नाही आणि साठ अंशांचा फरक! यातून कुणाच्या घरी काही येणार नाही. जुन्या पोथ्यांच्या प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध करायला आपण पैसे देतो, तेव्हा त्यातून भाकरी मागत नाही. हे त्याच जातीचे काम आहे.

विज्ञान म्हणून मात्र ते कसून तपासावे. मंगळयान (४५० कोटी) सहा महिन्यांसाठी बनवलेले, २०२२ पर्यंत टिकले, हे अभियांत्रिकीचे यश. पण त्यावर उपकरणे एकूण पंधरा किलोंची, तेव्हा त्यातून निघालेले विज्ञानही बेताचेच राहिले. दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगता यायला हव्यात.

नाशिकरोडहून : जी याने पडली, बुडाली, त्यांचे पैसे कुणाकडून वसूल करणार?

कुणाकडून नाही. विचारायचे ते हे की त्या पैशांत धडा मिळाला की नुसता धूर.

चांद्रयान-२ चा ‘विक्रम’ लँडर ७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे आदळला. त्याला ८०० न्यूटनची पाच इंजिने होती. वेग कमी करताना त्यांनी ठरल्यापेक्षा किंचित जास्त जोर दिला. पुढच्या टप्प्यात कॅमेऱ्यांसाठी यान स्थिर ठेवायचे होते, म्हणून चूक तेव्हाच्या तेव्हा दुरुस्त झाली नाही, साचत गेली. मग झटकन वळायची वेळ आली तर सॉफ्टवेअरने वळण्याच्या वेगाला लगाम घातलेला. आणि उतरायची जागा फक्त ५०० बाय ५०० मीटर, ती गाठण्यासाठी यान जमीन जवळ आली तरी पुढे धावत राहिले. चांद्रयान-३ मध्ये इंजिने चार केली, पाय मजबूत केले, इंधन वाढवले, वेग थेट मोजणारे लेसर उपकरण बसवले आणि उतरायला ४ बाय २.४ किलोमीटरचा पट्टा दिला. २३ ऑगस्ट २०२३ ला ते उतरले. २०१९ चा पैसा असा फिटला.

‘नाविक’ या आपल्या जीपीएससारख्या दिशादर्शन यंत्रणेबद्दल आम्ही असे म्हणणार नाही. २०१३ मध्ये गेलेल्या पहिल्या उपग्रहाची तिन्ही आयात अणुघड्याळे बंद पडली. घड्याळ सेकंदाच्या एक अब्जांश भागाने चुकले की अंतरात ३० सेंटिमीटरची चूक पडते, त्यामुळे घड्याळ गेले की उपग्रह असून नसल्यासारखा. त्याच्या जागी ऑगस्ट २०१७ मध्ये पाठवलेला उपग्रह रॉकेटचे वरचे आवरण न उघडल्याने आतच अडकला. देशी घड्याळ घेऊन २०२३ मध्ये एनव्हीएस-०१ नीट गेला, पण जानेवारी २०२५ मध्ये एनव्हीएस-०२ ची झडप उघडली नाही आणि तो चुकीच्या कक्षेत राहिला. अकरा पाठवले आणि जुलै २०२५ च्या संसदेतल्या उत्तरानुसार स्थान सांगण्याचे काम चार करत होते. जागा काढायला किमान चार लागतातच. म्हणजे एक बंद पडला की यंत्रणा लंगडी. चंद्राइतके कौतुक झडपेला मिळत नाही, पण हे पहिल्या खात्यातले, रोजच्या कामाचे उपग्रह आहेत. पैसा आणि माणसे आधी इथे लागायला हवीत.

अंबड औद्योगिक वसाहतीतून : आमची सीएनसीची छोटी वर्कशॉप आहे. ‘अवकाश क्षेत्र खासगीला खुले’ म्हणतात. आमच्यापर्यंत काही येईल का?

येईल, पण त्या भरवशावर फाइव्ह-अ‍ॅक्सिस मशीनचे कर्ज काढू नका. देशातून वर्षाला पाच-सात उड्डाणे होतात. एका भागाचे दहा-बारा नग, तेही दोन वर्षांत पसरून. पीएसएलव्ही रॉकेटच्या पहिल्या टप्प्याची कवचे वालचंदनगरला, रॉकेटची ‘विकास’ इंजिने विक्रोळीला बनत आली आहेत आणि आपल्या ओझरच्या एचएएलमध्ये विमाने बनतात, रॉकेट नव्हे. तुमच्या हाती येईल ते या मोठ्यांकडून उतरलेले उपकाम.

त्यासाठी आयएसओ ९००१ पुरत नाही, एएस ९१०० हे विमान-अवकाश उद्योगाचे गुणवत्ता प्रमाणपत्र लागते. प्रत्येक नगाला कच्च्या मालाचा हीट नंबर (धातू कोणत्या वितळणीतला, तो क्रमांक) शेवटपर्यंत चिकटून राहायला हवा. बार कापताना नंबर कापल्या तुकड्याबरोबर भंगारात गेला, तर उत्तम बनलेला नगही बाद होतो. पहिल्या नगाची पूर्ण मापतपासणी मंजूर झाल्यावर टूल, फीड, फिक्स्चर यांतले काही बदलले तर पुन्हा मंजुरी घ्यायची. पातळ भिंतीच्या अ‍ॅल्युमिनियम भागात नेहमीचा घोळ म्हणजे क्लॅम्प सोडला की नग वाकतो, कारण आतला ताण मोकळा होतो. रफ मशीनिंग, ताण काढणे, मग दोन्ही बाजूंनी आळीपाळीने हलके कट, हा क्रम सोडू नका.

आता पैशाचे. इस्रोनेच करवून घेतलेल्या एका अभ्यासात एका रुपयामागे अडीच रुपये परत असा हिशेब आला होता. स्वतः करवून घेतलेल्या अभ्यासाला जेवढी किंमत द्यायची तेवढी द्या. परदेशी उपग्रह सोडून २०१५ ते २०२४ या दहा वर्षांत १४.३ कोटी डॉलर आणि २७.२ कोटी युरो मिळाले, म्हणजे साडेतीन हजार कोटींच्या थोडे वर. दहा वर्षांची ही कमाई विभागाच्या एका वर्षाच्या खर्चाच्या तिसऱ्या हिश्शाएवढीही नाही. ‘इस्रो परकीय चलन कमावते’ हे ऐकायला बरे वाटते इतकेच.

देवळाली कॅम्पहून निवृत्त वाचक : गगनयान हवे की नको, थेट सांगा.

माणूस वर पाठवण्याच्या या मोहिमेवर आमच्यातच एकमत नाही. खर्च १०,००० कोटींवरून सप्टेंबर २०२४ मध्ये २०,१९३ कोटी झाला. त्यात आता अवकाशस्थानकाचा पहिला भागही धरला आहे. चांद्रयान-३ च्या भावात बत्तीस मोहिमा होतील. त्याच सुमारास मंजूर झालेल्या चांद्रयान-४ ला २,१०४ कोटी आणि शुक्राच्या मोहिमेला १,२३६ कोटी.

माणूस बसला की हवा, पाणी, तापमान, परतीची छत्री, अपघातात माणसांची कुपी (क्रू मॉड्यूल) ओढून नेणारे वेगळे रॉकेट, आणि या प्रत्येकाची पुन्हा पुन्हा चाचणी आली. विज्ञान त्या मानाने थोडे. बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे असे की ही क्षमता उसनी मिळत नाही. अंतराळवीर शुभांशु शुक्ला यांची २०२५ ची आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकाची अठरा दिवसांची वारी सुमारे ५५० कोटींना पडली आणि दर वेळी तिकीट काढत राहणे परवडणार नाही. विरोधात बोलणारे विचारतात, तिकीट तरी कशाला हवे? आमच्यापैकी जास्त जण दुसऱ्या बाजूला आहेत.

मालेगावहून एक विद्यार्थी : हे आकडे आम्ही स्वतः कुठे पाहायचे?

केंद्रीय अर्थसंकल्पाच्या संकेतस्थळावर ‘अनुदानाच्या मागण्या’ उघडा आणि अवकाश विभागाचे पान काढा, तीन-चार पानांचे प्रकरण आहे. चार रकाने असतात : दोन वर्षांपूर्वीचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाची मूळ तरतूद, तिचीच सुधारित, आणि येत्या वर्षाची. बातमीत येतो तो शेवटचा रकाना. तुम्ही दुसरा आणि तिसरा शेजारी ठेवा. २०२३-२४ मध्ये, चांद्रयान उतरले त्याच वर्षी, मूळ तरतूद १२,५४४ कोटींची होती आणि सुधारित ११,०७० कोटींची. जवळपास दीड हजार कोटी मिळायचे होते, ते वर्ष संपायच्या आत कमी झाले. असे कोणत्या शीर्षाखाली झाले ते खालच्या ओळींत शोधा. आणि त्या वर्षी खरोखर किती गेले, हे २०२५-२६ च्या पुस्तकात पहिल्या रकान्यात छापले आहे.